तंत्रज्ञान विकत मिळते काय?

परदेशी कंपनीशी करार झाला, नकाशे आले, रॉयल्टी ठरली, म्हणजे तंत्रज्ञान देशात आले, हा समज सरकारी टिपणांतून वर्षानुवर्षे रूढ आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी असली टिपणे स्वतः लिहिली असतील. त्यांचा रोष पत्करूनही आम्हांस म्हणावयाचे आहे की, हा समज मुळातच खोटा आहे.

आपणांपैकी अनेकजण ज्या गाडीतून कचेरीस गेले ती अँबॅसडरच घ्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावरून कलकत्त्यानजीक उत्तरपाडा येथे १९५०-६० च्या दशकात ती बनू लागली. पुढे तिचे बहुतेक भाग येथेच होऊ लागले, व त्याचा मोठा गौरव झाला. परंतु २०१४ साली ती बंद पडली तेव्हाही तिचा बांधा ओळखीचाच होता. मध्यंतरी अधिक जोमदार इंजिन हवे झाले, तेही जपानच्या इसुझूचे घ्यावे लागले! भाग देशी झाले. ते तसेच का, हे ज्ञान देशी झाले नाही.

कोरियातील ह्युंदाईने उल्सान येथे फोर्डची कॉर्टिना जोडण्यास १९६८ साली, म्हणजे आमच्यामागून, प्रारंभ केला. १९७५-७६ च्या सुमारास तिची पोनी निघाली. आकृती इटलीच्या जुजारोची, इंजिन मित्सुबिशीचे, देखरेख इंग्रज टर्नबुलची. उसनवारीच ती, पण अनेकांकडून केलेली, आणि सांधा जुळविण्याचे काम घरच्या माणसांकडे. पुढे घरच्याच अभियंत्यांनी रिकार्डो या इंग्रज सल्लागारांच्या साहाय्याने इंजिन रचावयास घेतले. पहिले नमुने चाचणीत फुटले. ‘अल्फा’ १९९१ साली सिद्ध झाले. त्या फुटलेल्या इंजिनांचा खर्च आमच्या कोणत्या लेखापरीक्षकाने मंजूर केला असता?

कोणी म्हणेल, कोरियातही बाजार संरक्षित होता. होता खराच. पण तेथील सरकार संरक्षणाच्या मोबदल्यात निर्यात मागत असे. पोनी १९७६ सालीच इक्वाडोरला गेली. अँबॅसडरसाठी मात्र गिऱ्हाईकच वर्षानुवर्षे रांगेत उभे. रांग असता सुधारणा कोण करील? आणि ती रांग कारखानदाराने एकट्याने लावली नव्हती. परवाने वाटणाऱ्या कचेऱ्यांचाही तीत हात होता.

अधिकाऱ्यांना हे साधतच नाही, असे मात्र नव्हे. १९८२ साली सुझुकीशी करार करणाऱ्या मारुतीत आर. सी. भार्गव हे सनदी सेवेतूनच आले होते. तेथे कामगार व अभियंते जपानात शिकावयास धाडले गेले, सुट्या भागांचे कारखाने भोवती उभे केले गेले. आपल्या टेबलावर पुढील करार येईल तेव्हा रॉयल्टीच्या कलमाआधी एवढे पाहावे: किती माणसे, किती महिने, आणि कोणाच्या हाताखाली शिकणार आहेत? ते कलमच नसेल तर फाईल परत पाठवावी.