जपानचा इतिहास बीडमध्यें कां वाचावा ?

"कोठें जपान आणि कोठें बीड !" असा उद्गार हा मथळा वाचून पुष्कळांच्या तोंडून निघेल. बालाघाटच्या कोरड्या डोंगराळ मुलखांतील माणसांनीं दूरच्या सागरांतील बेटांची उठाठेव कां करावी, ही शंका रास्तच आहे. परंतु परदेशाविषयीं नुसत्या कौतुकानें वाचलेलें थोड्याच दिवसांत विसरलें जातें. ज्या इतिहासांत आपलीच अडचण भेटते, तोच मनांत घर करतो. म्हणून आमचें मत असें आहे कीं, या जिल्ह्यांतील प्रत्येक मोठ्या गांवीं चारदहा घरांनीं मिळून एक वाचनमंडळ काढावें, आणि त्यानें आपलें पहिलें वर्ष जपानला द्यावें.

आरंभासाठीं पुस्तक शोधीत दूर जावयास नको. तेत्सुको कुरोयानागी यांचें 'तोत्तोचान' हें जपानी पुस्तक १९८१ सालीं प्रसिद्ध झालें, व चेतना सरदेशमुख गोसावी यांनीं केलेला त्याचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनें मराठींत आणला. एका शाळेनें खोडकर म्हणून काढून टाकलेली ही मुलगी सोसाकु कोबायाशी या मुख्याध्यापकांच्या 'तोमोए' शाळेंत येते. ही शाळा १९३७ सालीं सुरू झाली. तिचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. पहिल्याच दिवशीं मुख्याध्यापकांनीं त्या चिमुरडीला समोर बसवून तिचें सारें बोलणें कित्येक तास ऐकून घेतलें. जेवणाच्या डब्यांत कांहीं समुद्रांतलें व कांहीं डोंगरावरचें असावें, एवढाच त्यांचा दंडक होता. गरिबाच्या आईलाही तो पाळतां येई. मुलाला शाळेच्या मापाचें न करतां शाळा मुलाच्या मापाची करावी, हें या पुस्तकाचें सार आहे.

आतां आपल्याकडे पहा. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें मुकादमाची उचल फेडण्यासाठीं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीला जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर जाणारें मूल अर्धें वर्ष कोपींत राहतें, धाकट्या भावंडाला सांभाळतें, आणि परत आल्यावर वर्गांत मागें पडलेलें असतें. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहें निघालीं; तीं चांगलींच आहेत. परंतु त्या मुलाचें म्हणणें समोर बसून ऐकून घेणारा कोबायाशी त्याला भेटतो काय, हा प्रश्न उरतोच.

जपानचा इतिहास येथें आपल्याशीं बोलूं लागतो. १८७२ सालीं तेथील सरकारनें सर्व मुलांनीं शिकावें असा कायदा केला. लागलीच मुलें शाळेंत गेलीं काय ? नाहीं. १८७३ सालच्या दंग्यांत सक्तीची लष्करभरती व नवे भार यांवर संतापलेल्या शेतकऱ्यांनीं कित्येक ठिकाणीं शाळाही जाळल्या. फी द्यावयाची, आणि शेतावरचे दोन हातही गमवावयाचे, हें त्यांना परवडत नव्हतें. १९०० सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची फी सामान्यतः माफ झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत शेंकडा नव्वदांहून अधिक मुलांचीं नांवें शाळेंत दाखल झालीं. आपल्याकडे महात्मा फुले यांनीं १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली होती. सर्व देशासाठीं तसा कायदा २००९ सालीं झाला. जपानी शेतकऱ्यानें शाळा जाळली. आपला ऊसतोड्या ती जाळीत नाहीं, मुकाट्यानें मुलाला गाडींत बसवितो. दोघांचा हिशेब मात्र एकच आहे. कायदा बापाला दटावूं शकतो. त्याच्या घरची तूट भरून निघाल्यावांचून मूल शाळेंत टिकत नाहीं.

तथापि हें वाचन म्हणजे जपानची आरती होऊं नये. त्याच शाळांतून १८९० च्या शाही आज्ञापत्रानुसार सम्राटनिष्ठा शिकविली गेली. पुढें सैन्याच्या हातीं सत्ता जातांच त्या आज्ञाधारकपणानें शेजारच्या देशांना व स्वतः जपानलाही केवढ्या खाईंत लोटलें, हें जग जाणतें. तोमोएची शाळा १९४५ सालीं बाँबच्या आगींत जळाली. त्याच वर्षीं हिरोशिमा व नागासाकी भस्म झालीं. मुलें शाळेंत जाणें हें शिक्षणाचें अर्धें काम. तेथें त्यांना प्रश्न विचारावयास मिळणें हें उरलेलें अर्धें. मंडळानें हींही पानें वाचावीं.

मंडळ चालवावें कसें ? त्याची रीत आपल्या घरांत आहे. चातुर्मासांत पोथी लावतात, तसें पुस्तक लावावें. एकानें मोठ्यानें वाचावें, बाकीच्यांनीं ऐकावें. म्हणजे अक्षरओळख नसलेली आजीही सभासद होते. शिरीष पै यांनीं मराठींत रुजविलेला तीन ओळींचा जपानी हायकू एखाद्या मुलानें वाचावा, आणि आजीनें जात्यावरची ओवी म्हणावी. थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगण्याची कला आपल्याही घरीं आहे, हें दोघांनाही कळेल. मुकुंदराजांची समाधि जेथें आहे त्या अंबाजोगाईच्या जिल्ह्याला ऐकण्याची ही विद्या नवी नव्हे.

आणि काळही तोच धरावा : आषाढापासून कार्तिकापर्यंत. त्या दिवसांत बहुतेक ऊसतोड कुटुंबें गांवींच असतात. पुस्तकी मंडळें हिवाळ्यांत भरवून ज्यांच्यासाठीं वाचावयाचें त्यांनाच वगळणें, हा शहाणपणा नव्हे.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्या वर्गांतला एक बाक दिवाळीनंतर रिकामा होत असेल, तर त्यावरचा सोबती जाण्यापूर्वीं त्याच्यासह हें पुस्तक वाचून पुरें करा, आणि गाडी निघतांना तें त्याच्या पिशवींत घाला. पालकहो, आठवड्यांतील एक संध्याकाळ आपली ओसरी या कामीं द्या. एवढ्यानें ऊसतोडीचा प्रश्न सुटेल असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु ज्या मुलाला गांवानें एकदां समोर बसवून ऐकलें, तें मूल परत शाळेची पायरी चढण्यास कचरणार नाहीं.