व्यवहार आणि कायदा : हमीपत्राची मुदत संपल्यावर

बिलावरील तारखेला एक वर्ष पूर्ण होते आणि पुढच्याच महिन्यात मोबाईलचा पडदा काळा पडतो, असा अनुभव अनेक घरांना येतो. सेवा केंद्रातील उत्तर ठरलेले असते : वॉरंटी संपली, आता खर्च ग्राहकाचा. व्यापारी कुटुंबाला तर एक दिवसही फोनविना काढणे कठीण. येणी-देणी, मालाच्या मागण्या, यूपीआयवरील वसुली, सारे त्या एका यंत्रात साठलेले असते. म्हणून बहुतेक जण ते उत्तर अंतिम मानून नवा फोन घेतात. वस्तुतः मुदत संपल्यावर ग्राहकाजवळ काय उरते आणि काय उरत नाही, हे शांतपणे पाहण्याजोगे आहे.

वॉरंटी हे कंपनीने आपणहून दिलेले अभिवचन आहे. ठरावीक मुदतीत, ठरावीक अटींवर दुरुस्ती विनामूल्य, इतकाच त्याचा अर्थ. विकलेल्या मालाविषयी कायद्याने घातलेली जबाबदारी त्याहून निराळी आणि जुनी आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार माल विकण्यायोग्य प्रतीचा असावा, ही अट ठरावीक परिस्थितीत सौद्यात गृहीत धरलेली असते. आणि लेखी हमी दिली, एवढ्यानेच ती गृहीत अट रद्द होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येतही स्पष्ट करारासोबत गर्भित करारानुसार अपेक्षित असलेला दर्जा धरलेला आहे. तेव्हा निर्मितीतच राहून गेलेला दोष तेराव्या महिन्यात प्रकट झाला, तरी तो दोषच राहतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुदतीत असताना कंपनी फारसा वाद न घालता दुरुस्ती करून देते. मुदतीनंतर मात्र दोष मुळातलाच होता, हे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर येतो. फोन हातातून पडला, पाण्यात भिजला, बाहेरच्या कारागिराकडून उघडला गेला किंवा वापराने बॅटरीची क्षमता घटली, तर त्याला निर्मितीदोष म्हणता येत नाही. केवळ संतापाच्या बळावर दाखल केलेली तक्रार पुराव्याअभावी फेटाळली जाते.

काही प्रसंगी ग्राहकाची बाजू निश्चितच भक्कम असते. पहिला प्रसंग, मुदतीतच तक्रार नोंदवलेली असते आणि तोच बिघाड पुनःपुन्हा होत मुदतीपलीकडे जातो. अशा वेळी प्रत्येक भेटीची जॉब शीट हा मोठा पुरावा ठरतो. दुसरा, पैसे घेऊन केलेली दुरुस्ती टिकत नाही. ही सेवेतील त्रुटी असून मूळ वॉरंटीशी तिचा संबंध नाही. तिसरा, कंपनीनेच पाठवलेले सॉफ्टवेअर घेतल्यावर फोन बिघडतो. भारतात अद्ययावतीकरणानंतर पडद्यावर हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या, तेव्हा काही कंपन्यांनी मुदत संपलेल्या फोनचेही पडदे विनामूल्य बदलून दिले. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशाच प्रश्नावर, अद्ययावतीकरणाने जुने फोन मंदावले म्हणून, ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला होता. चौथा प्रसंग अधिक गंभीर आहे. सदोष बॅटरी फुटून कोणाला इजा झाली किंवा घरातील इतर वस्तू जळाल्या, तर २०१९ च्या अधिनियमातील उत्पादन दायित्वाचे प्रकरण लागू होते. तिथे भरपाई फोनची नसून झालेल्या हानीची असते, आणि वॉरंटीची मुदत संपली हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

व्यापारी वर्गाने एक बाब विशेष लक्षात घ्यावी. पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ नसतो. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी वस्तू वापरणाऱ्याला त्यात सूट आहे. पेढीच्या नावे, जीएसटी क्रमांक घालून फोन घेतला, तर विरुद्ध बाजू हाच आक्षेप घेण्याचा संभव असतो. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की, खरेदीमागील प्रमुख हेतू काय होता, हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरवावे. परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांबाबत ती संस्था ग्राहक ठरली. म्हणून घरच्या वापराचा फोन घरातील व्यक्तीच्या नावे घेणे केव्हाही श्रेयस्कर.

आता प्रत्यक्ष मार्ग. समजा, सांगलीच्या एका कुटुंबाने २०२४ च्या गुढीपाडव्याला एक वर्षाच्या वॉरंटीचा फोन घेतला आणि २०२५ च्या मे महिन्यात तो बंद पडला. प्रथम त्यांनी अधिकृत सेवा केंद्रातून बिघाडाचे कारण लेखी घ्यावे. ‘पाणी गेले आहे’ असा शेरा मान्य नसेल, तर त्यावर मुकाट्याने सही करू नये. आपला आक्षेप तिथेच लिहावा. फोन देण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढावीत. नंतर कंपनी आणि विक्रेता या दोघांना लेखी तक्रार पाठवून उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी. उत्तर समाधानकारक नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. अनेक वाद तेथेच मिटतात.

तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ग्राहक जिथे राहतो, त्याच जिल्ह्यात ती करता येते. कंपनीच्या गावी जाण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. दोष तपासणीवाचून कळण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली वस्तू, किंमत परत आणि नुकसानभरपाई असे आदेश देण्याचा अधिकार त्याला आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. व्यवहारात विलंब होतो, हेही ध्यानात ठेवावे. फोनची किंमत, लागणारा वेळ आणि हाती असलेला पुरावा यांचा ताळा मांडूनच पाऊल टाकावे.

या मासिकाच्या वाचकांपैकी अनेक जण गल्ल्यामागे बसणारेही आहेत. त्यांच्यासाठीही हा कायदा तितकाच महत्त्वाचा. ‘दोन वर्षे काही होत नाही, मी बसलोय ना,’ असे गिऱ्हाइकाला सांगितले, तर ती विक्रेत्याची स्वतंत्र हमी मानली जाण्याचा धोका असतो. बिल न देणे, तसेच सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे, या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा छापील शिक्का त्यापासून वाचवत नाही. आयोगाची नोटीस आली, तर ३० दिवसांत उत्तर द्यावे. त्यापुढे फार तर १५ दिवस मिळतात, त्याहून अधिक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नोटीस कंपनीकडे पाठवून निश्चिंत राहणारा दुकानदार पुष्कळदा एकतर्फी निकालाचा धनी होतो.

खरेदीदाराने वॉरंटी संपण्याच्या एक महिना आधी फोन नीट तपासावा, लहानसा बिघाडही लेखी नोंदवावा, बिल आणि जॉब शीट वहीखात्याइतक्याच काळजीने जपावी. विक्रेत्याने मुदत संपलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार निदान कंपनीपर्यंत पोहोचवून तिची पोच त्याच्या हाती द्यावी. एवढ्या कामाला खर्च नाही, आणि पेढीची पत अशाच गोष्टींनी टिकते.