‘आम्ही फॅमिलीसारखे आहोत’ म्हणणाऱ्या कंपन्या आणि तुमचं बीपी

बाणेर, हिंजवडी, खराडी भागातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांतली तिशीतली मुलं-मुली हल्ली दवाखान्यात सारखी दिसतात. कंपन्या पंधरा-वीस माणसांच्या. तक्रारी ठरलेल्या: ॲसिडिटी, डोकेदुखी, छातीत धडधड, झोप नाही. बीपी मोजावं तर 150/100. रोज किती तास काम करता, असं विचारलं की आधी हसतात. मग म्हणतात, ‘सर, आमच्याकडे तास मोजत नाहीत. आम्ही फॅमिलीसारखे आहोत.’

या वाक्याची मला चीड आहे. घरात एक जण आजारी पडला तर बाकीचे त्याचं काम उचलतात. इथे एकेका कामाची माहिती एकाच माणसाला असते. त्याला ताप आला तर लॅपटॉप अंथरुणात येतो. रात्री दोनला सर्व्हर बंद पडला तर फोन त्यालाच. मोठ्या कंपनीत पाळ्या लावता येतात. इथे पाळी लावायला दुसरा माणूसच नसतो, कारण तो ठेवायचा नाही असं मालकाने ठरवलेलं असतं. त्या न ठेवलेल्या माणसाचा पगार वाचतो आणि किंमत मोजतं आहे त्या माणसाचं शरीर.

कसं ते सांगतो. निरोगी माणसाचं बीपी झोपेत साधारण 10 ते 20 टक्के उतरतं. रक्तवाहिन्यांना मिळणारी हीच विश्रांती. फोनने दचकून जाग आली की ॲड्रेनॅलिन वाढतं, नाडी वाढते, ही विश्रांती हुकते. फोन वाजला नाही तरी ‘वाजेल’ या धास्तीने झोप उथळच राहते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, इन्सुलिनचं काम मंदावतं. त्यात रात्री अकराला मागवलेली बिर्याणी. पोट सुटतं, शुगर सरकते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेला हिशेब असा: आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त. सकाळी दहा ते रात्री नऊ, पाच दिवस. झाले 55. शनिवारचा ‘छोटासा कॉल’ यात धरलेलाच नाही!

मालक म्हणतात, छोट्या कंपनीत शिकायला खूप मिळतं. मिळतं, मान्य. पण शिकण्यासाठी रात्री दोनला उठावं लागत नाही. दुसरं उत्तर, ‘क्लायंट अमेरिकेचा आहे.’ अमेरिकेची सकाळ म्हणजे आपली रात्र, हे करारावर सही करतानाच ठाऊक असतं. रात्री मीटिंग असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी या, एवढं सांगायला पैसेही लागत नाहीत. त्याऐवजी शुक्रवारी योगाचा तास ठेवतात, तोही जेवणाच्या सुट्टीत.

जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची गणना आजारांत केलेली नाही. कामाशी निगडित स्थिती असंच त्याला म्हटलं आहे. म्हणून ‘रिलीज होईपर्यंत झोपेची गोळी द्या’ म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. बिघाड कामाच्या रचनेत आहे आणि गोळी गिळायची कर्मचाऱ्याने, हा कुठला न्याय?

तुम्ही अशा ठिकाणी असाल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी मोजा, शेजारी झोपेचे आणि कामाचे तास लिहा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. विश्रांतीची गरज असेल तर प्रमाणपत्र मागा. कंपनीला ते मेलनेच पाठवा, तोंडी नको. सुट्टी मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर ती ॲसिडिटी समजून डेमो संपायची वाट बघू नका. 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. लॅपटॉप तिथेच राहू द्या.