जलरेषेखालचा रंग

१९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पिअर्सन ट्रायटन नावाची साधारण २८ फुटांची शिडाची नौका मांडली गेली. ती लाकडाची नव्हती, फायबरग्लासची होती; म्हणजे काचेच्या तंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून साच्यात घडवलेली. एका साच्यातून शेकडो नौका निघू लागल्या आणि अमेरिका-युरोपात शिडाची नौका मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. फायबरग्लास लाकडासारखा कुजत नाही, म्हणून त्या आणि पुढच्या दोन-तीन दशकांतल्या असंख्य नौका आजही पाण्यावर आहेत. नव्या नौकेच्या मानाने त्या फारच स्वस्त मिळतात. विकत घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो रंगाचा.

पण रंग हे शेवटचे काम. फायबरग्लास कुजत नसला तरी पाणी शोषतो. बाहेरच्या गुळगुळीत थराला जेलकोट म्हणतात. त्यातून पाण्याचे रेणू वर्षानुवर्षे आत झिरपतात आणि पॉलिएस्टर रेझिनमधले विरघळणारे घटक घेऊन दाट द्रावण बनवतात. हे दाट द्रावण परासरणाने, म्हणजे ऑस्मोसिसने, बाहेरचे पाणी आणखी ओढते. आतला दाब वाढतो आणि तळावर फोड उठतात. फोड फोडला की व्हिनेगरसारखा वास येतो. अशा तळावर लांबी भरून, पॉलिश पेपर मारून रंग चढवला, तर फोड झाकला जातो, बरा होत नाही. खराब जेलकोट काढून, तळ गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, कधीकधी काही महिने वाळू देऊन, मग इपॉक्सीचे अनेक हात द्यावे लागतात. डेकच्या पोटात बाल्साचे हलके लाकूड असेल, तर एखाद्या सैल स्क्रूच्या भोकातून पाणी शिरून ते आतून मऊ पडलेले असू शकते. तेही आधीच तपासायला हवे.

जलरेषेच्या वरचा रंग बहुधा दोन भाग मिसळून बनणारा पॉलियुरेथेन असतो. तो चमकतो आणि टिकतोही. मात्र त्याच्या घट्ट होण्यामागे आयसोसायनेट हे रसायन असते आणि त्याच्या तुषारांमुळे दमा जडू शकतो. म्हणून फवारणी योग्य श्वसनसाधनाशिवाय कोणीही करू नये. रोलरने लावून लगेच ब्रशची हलकी टोके फिरवणे हा घरच्या घरी काम करणाऱ्यासाठी त्यामानाने सुरक्षित मार्ग आहे. हा धोका रंगवणाऱ्यापुरता आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांपुरता राहतो.

जलरेषेखालच्या रंगाचे तसे नाही. समुद्रात ठेवलेल्या तळावर काही आठवड्यांतच शेवाळ धरते आणि बार्नेकल हे कवचधारी जीव चिकटतात. तळ खडबडीत झाला की नौका मंदावते, सुकाणूला नीट दाद देत नाही. त्यांना दूर ठेवणाऱ्या रंगाला अँटिफाउलिंग म्हणतात. त्यातले विष हळूहळू पाण्यात सुटत राहते. ही गळती म्हणजे रंगाचा दोष नव्हे, तीच त्याची काम करण्याची रीत आहे. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळावर तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. आजच्या बहुतेक अशा रंगांतही तांब्याचाच ऑक्साइड असतो.

मधल्या काळात तांब्याहून कितीतरी जहाल एक पदार्थ आला: ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, कथिलाचे सेंद्रिय संयुग. १९७० च्या दशकात तो छोट्या नौकांवरही सर्रास लागू लागला. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा आर्काशोन उपसागर कालवांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे हौशी नौकांचीही दाटी असते. तिथल्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले, नवी पिल्ले धरेनाशी झाली, व्यवसाय कोसळला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मादी शंखगोगलगायींना नराचे अवयव फुटू लागले. एक लिटर पाण्यात टीबीटी ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके असले तरी हा परिणाम दिसत होता.

फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर टीबीटीला बंदी घातली आणि काही वर्षांतच आर्काशोनची कालवे सावरली. ब्रिटनने १९८७ मध्ये, अमेरिकेने १९८८ मध्ये तसेच पाऊल उचलले. मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला.

इथे जुन्या नौकेचा प्रश्न उभा राहतो. बंदी नव्या रंगावर आली, पण तळावर आधीच चढलेले हात तसेच राहिले. पुढच्या मालकांनी त्यावरच नवे थर दिले. स्वीडनमध्ये हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने जुन्या हौशी नौकांचे तळ तपासले, तेव्हा बऱ्याच नौकांवर आजही कथिल सापडले. म्हणजे जुनी नौका घेणारा माणूस तिच्याबरोबर आधीच्या सगळ्या मालकांचे विषही विकत घेतो. तळ कोरडा घासला की ते धूळ होऊन उडते. उघड्यावर प्रेशर पंपाने धुतले की ते थेट खाडीत जाते आणि तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साचून राहते.

म्हणून वरचा रंग कोणता असावा हे मालकाने खुशाल ठरवावे, पण खालचा रंग कसा काढावा हे एकट्या मालकावर सोडता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. पक्की फरशी, सांडपाणी अडवणारा हौद, धूळ ओढून घेणारे घासयंत्र आणि खरवडलेला रंग घातक कचरा म्हणून उचलण्याची सोय एवढे प्रत्येक बोटयार्डात असलेच पाहिजे. नौका गोड्या पाण्यात किंवा बहुतेक काळ जमिनीवर राहणार असेल, तर विषारी रंगाची गरज आहे का, हेही आधी विचारावे. स्वीडनच्या गोड्या तळ्यांत असे रंग चालतच नाहीत. सिलिकॉनचे निसरडे लेपही आता मिळतात. त्यांना जीव घट्ट चिकटू शकत नाहीत आणि नौका धावू लागली की गळून पडतात.

कोकणात आणि गोव्यातही आता फायबरच्या होड्या पुष्कळ आहेत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा त्या वर ओढून घासल्या आणि रंगवल्या जातात. त्याच खाड्यांत तिसऱ्या आणि कालवे वेचून अनेक घरे चालतात. त्यामुळे फरशी आणि हौद बांधण्याचे काम बंदर खात्याने मासेमारी धक्क्यांपासून सुरू करावे. त्याचा खर्च एकेका मच्छीमारावर टाकला जाऊ नये.