जनुकं 'चालू' करणारी पेटी



परवा हरभऱ्याचं बियाणं निवडत बसलो होतो. एक विक्रेता आला. तारेच्या वेटोळ्याची पेटी, लाइटवर चालणारी. म्हणे, "अर्धा तास बी आत ठेवा, चुंबकीय क्षेत्रानं जनुकं चालू होतात, उतारा वाढतो." किंमत 18,000 रुपये. शेजारी लगेच खिसा चाचपायला लागला, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट. जनुक चालू होणं म्हणजे उत्पन्न वाढणं नव्हे. पाण्याचा ताण पडला, थंडी पडली, तरी पिकात कितीतरी जनुकं चालू-बंद होतात. म्हणून आपण मुद्दाम पाणी तोडतो का? कोणतं जनुक, आणि त्यानं काय होतं, ते सांगा की!

दुसरी. अमेरिकेत रीबा गुडमन आणि ॲन हेंडरसन यांनी माणसाच्या रक्तकर्करोगाच्या पेशींना 60 हर्ट्झचं क्षेत्र दिलं आणि सी-मिक नावाचं जनुक जास्त चालल्याचं मांडलं. गाजावाजा झाला. 1995 मध्ये दोन वेगळ्या गटांनी तेच करून पाहिलं. त्यांना वाढ दिसली नाही. दुसऱ्याच्या हातून जे पुन्हा होत नाही, ते माझ्या रानात कसं होईल?

तिसरी. सगळंच थोतांड आहे असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभऱ्यावरच प्रयोग झाले, उगवण सुधारलेली दिसली. पण ते स्थिर क्षेत्र होतं. ताकद मोजलेली, वेळ मोजलेला, आणि शेजारी प्रक्रिया न केलेलं बी. लाइटच्या वेटोळ्यात क्षेत्राची दिशा सेकंदाला 50 वेळा फिरून येते. ही गोष्टच वेगळी. एकाचा दाखला दुसऱ्याला कसा चालेल? पेटीवर ताकदीचा आकडाही नव्हता. औषधाच्या बाटलीवर प्रमाण नसेल तर आपण फवारतो का?

मी विचारलं, "पेटीत न ठेवलेलं बी कुठंय?" गडी गप्प.

तेव्हा पैसे देण्याआधी एवढं करा. एकाच पोत्यातले 100 दाणे पेटीत, 100 बाहेर. घरातल्या पोराला पुड्या बांधून नुसते नंबर टाकायला सांगा. कोणती कुठली, ते मोजून झाल्यावरच कळू द्या. असं तीनदा करा. विक्रेता याला तयार नसेल, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

कृषी सहायक मंडळींनाही हात जोडून सांगणं आहे: अशा पेटीसोबत फोटो काढण्याआधी हाच प्रश्न तुम्ही विचारा. तुमच्या फोटोवर आमचे पैसे जातात.