दोन पायांचा मामला

रायफलीला पाय असतात, हे ज्ञान मला वयाच्या 68 व्या वर्षी टेक्सासात, भाच्याच्या घरी झाले. त्या पायांना ‘बायपॉड’ म्हणतात. तीन पायांची तिपाई, तशी ही दुपाई! नळीखाली ती लावायची, पालथे पडायचे आणि नेम धरायचा.

भाच्याकडे रायफल एक आणि बायपॉड तीन.

“मामा, हॅरिस म्हणजे आपली लूना. ॲटलास म्हणजे मर्सिडीज!” मॅगपुल त्याच्या मते कुठेतरी मध्ये.

लूनाला नावे ठेवलेली मला खपत नाहीत. माझा अर्धा संसार तिच्यावरून वाहिला आहे. तेव्हा मी त्याच क्षणी हॅरिसवाला झालो, आणि अजून आहे.

ॲटलासवाल्यांचे म्हणणे काय, तर त्यांचा बायपॉड कलतो, वळतो, पाय पुढे-मागे 45 अंशांत टेकवता येतात. किंमत हॅरिसच्या साधारण दुप्पट. बरे, हॅरिसच्या ‘एस’ मॉडेललाही कलता येते. स्प्रिंगमुळे पाय खटकन उघडतात. वळता येत नाही, एवढेच. मॅगपुलला तर दोन्ही येते, तेही हॅरिसच्याच भावात. पण मी म्हणतो, वळायचे कशाला? भाच्याचे सावज म्हणजे 100 यार्डांवर चिकटवलेला कागद. तो काय पळून जाणार आहे?

तिन्ही बायपॉडांवरून गोळ्या कागदभर विखुरल्या. शेजारच्या एका म्हाताऱ्याने निदान केले. सिमेंटच्या ओट्यावर पाय उडतात, खाली काहीतरी खरखरीत घाला, खांद्याने रायफल जरा पुढे रेटा, आणि चाप हिसडू नका. मोटारीतले पायपुसणे आणून हॅरिसखाली घातले. गोळ्या बशीएवढ्या जागेत आल्या!

आणि पायांचे एवढे कौतुक करणाऱ्यांना मी कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेचे नाव ऐकवतो. 2024 साली पॅरिसला त्याने 50 मीटर रायफलीत ऑलिंपिकचे ब्राँझ आणले. त्या स्पर्धेत बायपॉड चालतच नाही. पालथे पडून नेम धरतानाही आधार दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा आणि स्वतःच्या कोपरांचा. ते पाय, म्हणजे हात, कोणत्या कंपनीचे?

भाचा निरुत्तर झाला, असे मला वाटले होते. परवा त्याचा फोन आला.

“मामा, पायपुसणे कुठल्या ब्रँडचे चांगले?”