‘हा काय गेम आहे का?’



दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी नववीच्या वर्गाला ‘माझा आवडता खेळ’ हा निबंध देतो. विषय जुनाच आहे. पूर्वी चाळीस वह्यांपैकी तीस वह्यांत क्रिकेट असायचं, आता मोबाईलवरचे गेम असतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मुलं जे खेळतात तेच लिहिणार ना!

गेल्या वर्षी एका मुलीने लुडो लिहिला. सोंगट्यांचा पट नव्हे, मोबाईलवरचा लुडो. वर्गात वाचायला उभी राहिली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हा काय गेम आहे का? हे तं बाया खेळतेत टाईमपासले!” वर्ग हसला. मी गप्प केलं सगळ्यांना, तिला पुढे वाचायला सांगितलं, पण ती खाली बसली.

सोमवारी वह्या आल्या. तिच्या वहीत लुडो नव्हता. ‘कबड्डी हा आपल्या मातीतील सांघिक मैदानी खेळ असून...’ अशी सुरुवात होती. पुढची ओळ मी न वाचताच सांगू शकलो असतो, कारण ते गाईड माझ्याही कपाटात आहे. या मुलीला कबड्डी खेळताना मी कधीच पाहिलेलं नाही.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावलं. रागावलो नाही, नुसतं विचारलं, “काहून रे, लुडो गेम का नाही?” तो म्हणाला, “सर, थो कॅज्युअल गेम आहे. मी हार्डकोर आहो. रोज चार घंटे खेळतो.” हे सांगताना त्याची छाती फुगली होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, एसटी दिवसातून दोनदाच येते अशा गावातल्या पोराच्या तोंडी हे दोन इंग्रजी शब्द इतके मुरलेले पाहून मला गंमत वाटली. मग वाटलं, या शब्दांवर एकदा नीट लिहायला हवं.

कॅज्युअल म्हणजे सवडीने, मन रमवायला खेळणारा. हार्डकोर म्हणजे खेळात मुरलेला, अवघड पातळी निवडणारा, हरला तरी न सोडणारा. हे दोन शब्द गाजले ते टीव्हीला जोडायच्या यंत्रांच्या, म्हणजे कन्सोलच्या दुनियेत. नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने ‘वी’ नावाचं कन्सोल बाजारात आणलं. त्याच महिन्यात सोनीचं प्लेस्टेशन ३ आलं होतं. ताकदीत वी त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. पण वीचा रिमोट हातात धरून रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावरचा माणूस टेनिसचा चेंडू मारायचा. कोणती कळ कधी दाबायची हे पाठ करायची गरज नव्हती. आजी-आजोबा खेळू लागले, ज्यांनी जन्मात गेम हातात धरला नव्हता ते खेळू लागले, आणि १० कोटींहून जास्त वी विकले गेले, प्लेस्टेशन ३ पेक्षाही जास्त. मुरलेल्या खेळाडूंपैकी पुष्कळांना हे रुचलं नाही. हे खरे गेम नव्हेत, हे खरे गेमर नव्हेत, असं सुरू झालं. म्हणजे बघा, आमच्या मागच्या बाकावरून जे ऐकू आलं ते जगभर आधीच बोलून झालेलं होतं.

आता थोडं माझं सांगतो. १९९० च्या दशकात मी यवतमाळला शाळेत होतो. आमच्या गल्लीत एकाच्या घरी टीव्ही गेम होता. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात काढलेल्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती, हे मला फार नंतर कळलं. आम्ही कंट्रोलरला रिमोट म्हणायचो आणि गेमच्या डबीला कॅसेट. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं लिहिलेलं असायचं आणि आत तेच ते पंधरा-वीस गेम नाव बदलून यायचे. ज्याचं घर त्याचा पहिला नंबर. बाकी आम्ही सात-आठ जण फरशीवर बसून वाट पाहायचो. मारिओच्या ३२ पातळ्या, आणि मध्ये थांबून पुढे सुरू करायची सोय नाही. सहाव्या-सातव्या जगापर्यंत पोचलं की हमखास लाईन जायची. लाईन आली की पुन्हा पहिल्यापासून! आमच्यात कोण कॅज्युअल आणि कोण हार्डकोर होतं? ज्याच्या घरी तो गेम होता त्याला सगळं येत होतं. मला येत नव्हतं, कारण माझा नंबर दिवसातून एकदा लागायचा.

त्यातही एक भेदभाव होताच म्हणा. कॉन्ट्रा नावाचा बंदूकबाजीचा गेम होता, त्यात तीन जीव मिळायचे. सुरुवातीलाच वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे, पुन्हा डावीकडे-उजवीकडे, मग बी आणि ए दाबलं की तीस जीव मिळत. तीन जीवांत संपवणारा खरा मर्द, आणि तीस जीवांवाला लबाड. मी लबाडांतला. पुढे कधीतरी या युक्तीचा इतिहास वाचला आणि जुनं ओझं उतरल्यासारखं झालं. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ च्या सुमारास ग्रॅडियस हा गेम घरच्या कन्सोलसाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो वारंवार खेळावा लागे आणि त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जाई. म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही कळांची युक्ती त्यात घातली, आणि ती तशीच राहून गेली. कॉन्ट्रात ती नंतर आली. म्हणजे गेमच्या जगातली सगळ्यात प्रसिद्ध खूण जन्मली ती गेम बनवणाऱ्यालाच तो झेपत नव्हता म्हणून. आता बोला!

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. तो मुलगा म्हणाला, रोज चार घंटे खेळतो. मी त्या दोघांच्या घरचं मनात मांडून पाहिलं. त्याच्या घरी फोन दोन आहेत, त्यातला एक जवळपास त्याचाच. संध्याकाळी शाळा सुटली की त्याला कोणी काम सांगत नाही. आणि ती? तिच्या घरी स्मार्टफोन एकच. तो दिवसभर बापाच्या खिशात, शेतात. रात्री तो घरी येतो तेव्हा भाकरी, भांडी, लहान भावाचा अभ्यास हे सगळं उरकायचं असतं. दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर वेचणीला जाते. तिच्या वाट्याला फोन येतो तो झोपण्याआधी वीस मिनिटं, तेही आजी शेजारी बसलेली असते म्हणून. वीस मिनिटांत लुडोच होतो हो. ज्या गेममध्ये मध्येच उठलं तर चार सोबती शिव्या घालतात, तो तिने खेळायचा कसा?

तेव्हा हार्डकोर हा स्वभाव आहे असं जे आपण समजतो, त्यातला निम्मा भाग फोन कोणाचा, डेटा कोणाचा आणि संध्याकाळ कोणाची यात आहे. जिल्ह्याला १६ तालुके आहेत. झरी-जामणीपासून उमरखेडपर्यंत कुठल्याही गावात जा आणि रोज चार तास गेम खेळणाऱ्या किती मुली सापडतात ते पाहा. त्यांना आवड नाही असं कृपा करून म्हणू नका. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं हे खरं, पण मुलींच्या वाट्याची संध्याकाळ काही स्वस्त झाली नाही.

याचा अर्थ त्या मुलाचं खेळणं मी मोडीत काढतो असा नाही. उलट मला त्याचं कौतुकच आहे. तो एकच टप्पा पंचवीस वेळा हरतो आणि सव्विसाव्यांदा सुरू करतो. कुठे चुकलं ते मित्राला बारकाईने समजावून सांगतो. हाच मुलगा समीकरण दोनदा चुकलं की वही मिटतो! गेममध्ये हरणं लाजेचं नाही हे त्याला कळलंय, आणि वर्गात हरणं लाजेचं आहे हे आम्ही शिक्षकांनी त्याला शिकवलंय. दोष कोणाचा?

पालकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. मन लावून खेळणं, व्यसन आणि पैशांचा खेळ या तिन्हींची घरोघरी खिचडी होते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आजारांच्या यादीत घातलं आहे, पण त्यासाठी नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, खाणं-झोप-अभ्यास सगळं त्यापुढे मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, असे त्याचे निकष आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदाच केला, आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. मुलगा रँक वाढवतोय म्हणून घरात आकांत करणारे वडील स्वतः रात्री पत्त्यांच्या ॲपवर पैसे लावत होते, असंही मी पाहिलं आहे. असो.

आपल्या महाराष्ट्राचंच पाहा ना. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. भावाला राक्षसांनी पळवलं म्हणून त्रिशूळ घेऊन निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. आधी निन्टेन्डो स्विचवर आला, मग प्लेस्टेशनवर. म्हणजे मागच्या बाकाच्या भाषेत अस्सल कन्सोल गेम. आणि त्याच वर्षी लॉकडाऊनमध्ये घरोघर खेळला जात होता तो लुडो किंग, तोही नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा. कॉलेजची पोरं, त्यांच्या मावश्या, परगावी अडकलेले जावई, सगळे एका पटावर. या दोन्हींत मोठं काम कोणतं? मला ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही वाटत नाही. पण पहिल्याचं नाव काढलं की मान डोलवायची आणि दुसऱ्याचं काढलं की हसायचं, हे मला पटत नाही.

आणि लुडो हलका कसा म्हणे? लुडो हे आपल्या पचीसीचंच साहेबी रूप, इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचं पेटंट घेतलं गेलं. आपल्याकडे फाशांच्या खेळात युधिष्ठिराने राज्य लावलं, भाऊ लावले, द्रौपदी लावली. त्याच्याहून हार्डकोर कोण? त्याचं काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागचा बाक पहिल्यांदा गप्प झाला. मग एक जण हळूच म्हणाला, “सर, थ्याले कोणी थांबवलं काहून नाही?” त्या दिवशीचा तास त्यातच गेला. अभ्यासक्रम मागे राहिला, पण चालायचंच.

कन्सोलच्या जगातही हा वाद मिटलेला नाही. २०१९ मध्ये सेकिरो नावाचा भयंकर अवघड गेम आला आणि त्यात सोपी पातळी द्यावी की नाही यावर जगभर भांडणं झाली. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या सेलेस्टमध्ये मात्र बनवणाऱ्यांनी मदतीची सोय आधीच ठेवली होती. वेग कमी करा, जीव संपू देऊ नका, तुमची मर्जी. म्हणून अवघड वाटेने जाणाऱ्याची वाट काही कोणी बुजवली नाही. मी सेलेस्टच्या बाजूचा आहे, हे तीस जीवांवरून तुम्ही ओळखलंच असेल.

आणि आम्ही मराठीचे शिक्षक यात धुतल्या तांदळासारखे नाही बरं का. कोणी ‘किशोर’मधली कोडी आणि विनोदच वाचतो, तर आम्ही म्हणतो, हा वाचक नव्हे. कोणी जाडजूड कादंबरी काखेत घेऊन फिरतो, तर तो वाचक. उघडतो की नाही ते कोण पाहतो! मागच्या बाकाने जे त्या मुलीला केलं ते मी ग्रंथालयाच्या तासाला कित्येकदा केलेलं आहे. फक्त माझे शब्द मराठी होते.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा मी तिची वही तिला परत दिली. कबड्डीच्या निबंधाला गुण दिले नव्हते. म्हटलं, “बाई, मला तो पहिला हवा आहे.” ती म्हणाली, “सर, तो फाडला.” मग आठ दिवसांनी वही टेबलावर आली. दीड पान, शुद्धलेखनाच्या अकरा चुका. त्यात लिहिलं होतं की आजीला आकडे वाचता येत नाहीत, ती फाशावरचे ठिपके बोट लावून मोजते. आजी नातीची गोटी कधीच मारत नाही, दुसऱ्या गोटीने चालते आणि म्हणते, मले दिसलीच नाही माय. म्हणून ही आता मुद्दाम आपली गोटी आजीच्या पुढ्यात नेऊन ठेवते, आजी किती दिवस मारत नाही ते पाहायला. निबंध लिहिला त्या रात्रीपर्यंत आजीने मारली नव्हती.